भिडस्त सर

मंठ्याच्या बसस्टँडमागे पत्र्याखाली कॉम्प्युटर क्लास चालवणारे आमचे सर भिडेपायी अर्धे झालेत. फी मागायला तोंड उघडतात आणि ‘चहा घेणार का?’ एवढंच विचारून मिटतात. ‘मोंढ्यात सोयाबीन घातलं की देतो,’ असं बाप म्हणाला की सरच त्याला धीर देतात, ‘वाढंल हो भाव.’

शेवटी वाईटपणा मशीननं घ्यावा असं ठरलं. सरांनी पायथनमध्ये पोरांची यादी केली आणि थकलेल्यांना काढायला ‘रिमूव्ह’ लावलं. थकला होता चौथा गणेश. रिमूव्हला नाव दिलं की वरून पहिलं जुळेल तेच ते उडवतं. उडाला पहिला गणेश, ज्याची फी प्रवेशाच्याच दिवशी आली होती. १९९१ साली गिडो व्हान रॉसम यांनी ही भाषा जगापुढे ठेवली, तेव्हा मंठ्यातल्या गणेशांचा विचार केलेला दिसत नाही. बाप तणतणत आला.

‘पोराचं नाव काहून काढलं, सर?’

‘मी नाही हो, पायथननं.’

‘कोन हाय त्यो? बोलवा इकडं!’

मग नावांऐवजी हजेरी क्रमांक आले. यादी वरून चाळायची, थकलेला दिसला की तिथल्या तिथं काढायचा. पण एक गेला की मागचे सगळे एकेक घर पुढं सरकतात, चाळणारा मात्र पुढच्या घरावर गेलेला असतो. सरकून आलेला तपासायचाच राहतो. लागोपाठ दोघं थकलेले असले की दुसरा सहीसलामत. यादीची नक्कल चाळावी, काढावं मूळ यादीतून, हा उतारा सर दर बॅचला फळ्यावर लिहून देतात. स्वतः वापरत नाहीत. थोडे तरी वाचतात याचंच त्यांना आतून बरं वाटत असावं. पोरांनी हे बरोबर ताडलंय. बुडवे आता जोडीनं प्रवेश घ्यायला येतात आणि दारातच त्यांचं ‘तू आधी, तू आधी’ चालतं.

हल्ली सर ‘पॉप’वर आलेत. कंस रिकामा सोडला की पॉप यादीतला शेवटचा उचलतं आणि उचललेलं परत हातात देतं. कुणी वाऱ्यावर जात नाही, म्हणून सरांना ते संस्कारी वाटतं. परवा चालवलं, तर हातात आला घरमालकाचा मुलगा! पत्र्याचं भाडं दिवाळीपासून थकलेलं. सरांनी घाईघाईनं ‘अपेंड’ करून त्याला पुन्हा यादीच्या शेवटी बसवलं.

‘सर, उद्या पॉप परत त्यालाच उचलंल की!’ पोरं म्हणाली.

‘उद्या लाइट नसते,’ सर म्हणाले.