आचाऱ्याला सूट, प्राध्यापकाला अट

वारणानगरच्या नव्या विद्यापीठाने उद्या परदेशी सहायक प्राध्यापक नेमायचे ठरवले, तर रोजगार व्हिसाचा नियम आडवा येतो: वार्षिक पगार किमान 16.25 लाख हवा. केंद्रीय संस्थांना ही मर्यादा 9.10 लाखांवर उतरवून मिळते, राज्य विद्यापीठांना नाही. इथले सुरुवातीचे मूळ वेतन महिना 57,700 रुपये. भत्ते धरूनही ती रेषा दूरच. परदेशी पदार्थ रांधणाऱ्या आचाऱ्याला मात्र अट माफ!

कोणी म्हणेल, अट स्थानिकांच्या नोकऱ्या राखते. राखते कुठे? स्थानिक पात्रताधारक तर तासिका तत्त्वावरच झिजताहेत. आधी रिक्त जागा भरा, मग राज्य विद्यापीठांनाही केंद्राएवढी सवलत द्या. नाहीतर 2020च्या शैक्षणिक धोरणातले आंतरराष्ट्रीयीकरण भटारखान्यापुरतेच उरेल.