समुद्र न्हाणीपासून सुरू होतो

नांदेड जिल्ह्यातल्या आपल्या नायगावात समुद्राचा विषय निघाला की माणसं मुंबईकडं नाहीतर कोकणाकडं बोट दाखवतात. आपला समुद्र त्या बाजूला नाही, पूर्वेला आहे. तालुक्याच्या वरच्या अंगाला गोदाकाठची गावं आहेत. कंधारकडून येणारी मन्याड मांजरेला मिळते, मांजरा पुढं कंदकुर्तीला गोदावरीत शिरते, आणि त्र्यंबकेश्वराहून निघालेली गोदावरी १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला जाऊन भिडते. नायगावातल्या न्हाणीचं पाणी नालीत, नालीचं ओढ्यात, ओढ्याचं नदीत. एवढ्या सरळ वाटेनं आपण समुद्राशी जोडलेले आहोत.

धर्माबादजवळच्या, गोदावरीवरच्या बाभळी बंधाऱ्याची दारं सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाप्रमाणं १ जुलैला उचलतात आणि २८ ऑक्टोबरपर्यंत ती उघडीच राहतात. त्या पाण्यासाठी नांदेड जिल्हा वर्षानुवर्षं भांडला. भांडायलाच पाहिजे होतं. पण त्याच चार महिन्यांत पाण्याबरोबर आपण खाली काय धाडतो, याची चर्चा कुठल्या मंचावर माझ्या कानावर आलेली नाही. शाम्पूच्या पुड्या, गुटख्याच्या पुड्या, कॅरीबॅगा, फवारणीच्या रिकाम्या बाटल्या, साबणाचा फेस. यातलं बरंच तेलंगणातल्या पोचमपाडच्या जलाशयात अडकतं आणि तिथल्या कोळ्यांच्या जाळ्यात येतं. उरलेलं झिजून बारीक होतं आणि पुढं सरकतं. पाणी अडवू दिलं नाही म्हणून आपण दुसऱ्या राज्यावर रागावतो, मग खाली घाण पाठवल्याबद्दल कोणी आपल्यावर रागावलं तर आपल्याकडं उत्तर काय?

गोदावरीच्या मुखाशी कोरिंगाचं खारफुटीचं जंगल आहे. तिथं मासे मारून जगणारं रानमांजर आहे. समोरच्या होप बेटाच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. ही कासवं एका किनाऱ्यापुरती राहत नाहीत. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर जिच्या परावर खुणेचा बिल्ला लावला होता, ती मादी २०२५ च्या जानेवारीत रत्नागिरी जिल्ह्यात गुहागरला अंडी घालताना सापडली. बंगालचा उपसागर आणि कोकण या जनावराला एकच घर आहे. आपण मराठवाड्याचे, आपला त्याच्याशी काय संबंध, हे म्हणायची सोय तिनं ठेवलेली नाही.

कोकणातल्या लोकांनी या कासवांसाठी काय केलं ते नायगावनं नीट बघावं. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला पूर्वी कासवाची अंडी उकरून नेली जात, खाल्ली जात, विकली जात. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेनं गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. माणसं नेमली. ती पहाटे किनारा चालायची, माग दिसला की अंडी उचलायची, कुंपण घातलेल्या वाळूत तेवढ्याच खोल पुरायची आणि पिल्लं निघेपर्यंत दीड-दोन महिने थांबायची. पुढं कासव महोत्सव सुरू झाला, पाहुणे यायला लागले, घरोघरी राहण्या-जेवणाची सोय झाली आणि गावात पैसा आला. पण आधी माणूस नेमला आणि मग पाहुणे आले. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

आपल्याकडं क्रम उलटा. २०१९ च्या पावसाळ्यात राज्यानं ३३ कोटी झाडांचं उद्दिष्ट घेतलं. २०२१ मध्ये त्या वृक्षलागवडीच्या चौकशीसाठी विधिमंडळाची समिती नेमावी लागली. ज्या लातूर जिल्ह्यात जंगल एक टक्क्याच्याही आत आहे, जिथं २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पिण्याचं पाणी आणावं लागलं, त्या भागाला झाडं हवीतच, याबद्दल वाद नाही. पण जुलैत रोप लावणाऱ्याला हार मिळतो आणि एप्रिलमध्ये त्याच रोपाला घागर घालणाऱ्याचं नाव कुठल्याच कागदावर नसतं. जिथं राखणदाराचं नाव आणि पगार ठरलेला नाही, तिथं खड्डाच खणू नये. असं माझं स्पष्ट मत आहे.

नायगावनं सुरुवात रोपापासून न करता सांडपाण्यापासून करावी. त्यासाठी लांब जायला नको. आपल्याच जिल्ह्यातल्या हिमायतनगर तालुक्यात टेंभुर्णी आहे. त्या गावानं घरोघरी शोषखड्डे घेतले, उघड्या नाल्या बंद केल्या आणि डास हटवले. साधारण चार फुटांचा खड्डा, मधे बाजूंना भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगडगोटे. पाणी टाकीत येतं, गाळ खाली बसतो, पाणी भोकांतून जमिनीत मुरतं. पुढं जिल्हा प्रशासनानं रोजगार हमीतून हे काम गावोगाव नेलं आणि राज्यानं त्याला नांदेड पॅटर्न म्हणून ओळखलं. दुसऱ्यांनी आपल्या जिल्ह्याचं नाव घेऊन खड्डे खणले आणि आपल्या कित्येक गल्ल्यांत अजून काळी नाली दारातून वाहते. हे मला बोचतं.

अडचण आहे ती सांगतो. आपली काळी माती ओली झाली की फुगते आणि पाणी जिरू देत नाही. म्हणून खड्डा मुरूम लागेपर्यंत न्यावा लागतो. घाईत वरवर खणलेला खड्डा पहिल्याच पावसात भरून वर येतो आणि मग लोक म्हणतात, हे आपल्याकडं चालत नाही. शौचालयाचं पाणी त्यात सोडायचं नसतं. टाकीतला गाळ वेळोवेळी काढावा लागतो. तो काढला नाही की भोकं बुजतात आणि झाला खर्च मातीत जातो.

ज्या घरामागं दोन हात जागा आहे, तिथं भांडी विसळल्याचं पाणी आधी परसात फिरवावं. अळू आणि केळ त्या पाण्यावर जोमानं वाढतात. शेवगा, कढीपत्ता जरा कडेला लावावा. उमेद अभियानाच्या बचत गटांतल्या बायकांनी पोषण परसबागा हाती घेतल्या आहेतच. त्यांच्या परसाला न्हाणीचं पाणी जोडून द्यायला पाइपाचा एक तुकडा लागतो. ज्या बाईनं पाणीटंचाईत डोक्यावर हंडे वाहिलेत, तिला पाणी दोनदा कसं वापरायचं ते शिकवायला कोणी जाऊ नये. तिला पाइप आणून द्यावा.

आणि शेताच्या धुऱ्यावरचं एक. पेरणी उरकली की औषध चोळलेलं बियाणं कोपऱ्याला सांडलेलं राहतं. मोर, तितर तेच टिपतात आणि मरतात. मोर १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं जपलेला आहे, पण कायदा धुऱ्यावर बसून दाणे झाकत नाही. सांडलेले दाणे मातीआड करायला पायाची एक टाच लागते. फवारणीची बाटली ओढ्यात विसळू नये. तिचं धुवण टाकीतल्या फवारणीच्या पाण्यातच ओतावं. औषधही वाया जात नाही आणि ओढाही वाचतो.

नायगावला आता नगरपंचायत आहे, आसपासच्या गावांत ग्रामपंचायती आहेत. गावांतल्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत झाडं किती लावली याचा आकडा वाचून दाखवतील. तिथं उठून, आणि नायगावात नगरपंचायतीला, तीन गोष्टी विचारा. आपल्या वॉर्डात किती घरांचं पाणी अजून नालीत जातं, शोषखड्ड्यांतला गाळ काढायला कोण नेमलंय, आणि त्याचा पगार कुठल्या खात्यातून निघतो. नाव मिळालं तर ते इतिवृत्तात लिहून घ्या. नाही मिळालं तर ठराव तिथंच मांडा.