जोडी फोडणाऱ्या लम्पीस

लम्पी,

तुला 'प्रिय' म्हणणार नाही, 'महोदय' तर नाहीच. बैलाच्या मानेखालची पोळी सुजवून त्याला रात्रभर उभं ठेवणाऱ्याला वऱ्हाडात मान देत नाहीत.

गुरांच्या त्वचारोगा, तुझी कुंडली ठाऊक आहे. १९२९ साली झांबियात तू ओळखला गेलास, २०१९ साली ओडिशात उतरलास. ऑगस्ट २०२२ मध्ये रावेर तालुक्यातल्या चिनावलला तू सापडलास आणि बघता बघता अकोला, बुलडाणा, अमरावतीच्या गोठ्यांत शिरलास. तेही स्वतःच्या पायांनी नाही. गोमाशी, डास, गोचीड यांच्या पाठीवर बसून. माणसाला तू हात लावत नाहीस. ज्याला बोलता येत नाही, त्याच्याच अंगावर गाठी उठवतोस. एवढीच तुझी मर्दुमकी.

तुझी मरतूक सहसा शंभरात एक ते पाच, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. कोरडवाहू शेतकऱ्याच्या गोठ्यात मात्र शंभर नसतात, दोन असतात. त्यातला एक गेला की उरलेल्याला जू ओढता येत नाही. वर्षानुवर्षं एका चालीनं चाललेल्या बैलाला नवा जोडीदार लगेच रुळत नाही. खरिपाची डवरणी उरकलेली, हरभऱ्याची वखरणी तोंडावर, आणि नेमका तेव्हा तू आलास. सरकारनं बैलामागे २५,००० आणि दुभत्या गाईमागे ३०,००० रुपये ठरवले. मदत झाली, नाही कशी म्हणू? पण तेवढ्यात आज कामाचा चांगला बैल येत नाही, आणि पंचनाम्याला डॉक्टर यावाच लागतो.

तुझी खरी साथ तिथेच आहे, लम्पी. तुला गोठा सापडतो, डॉक्टरला सापडायला उशीर होतो. गावाकडच्या छोट्या दवाखान्यात एकाच माणसाच्या वाट्याला कितीतरी गावं. धारणी, चिखलदऱ्याच्या आतल्या कोरकू पाड्यांवरून जनावरांच्या डॉक्टरसाठी १९६२ हा नंबर फिरवायचा, तर आधी टेकडीवर चढून रेंज शोधायची. तोवर गाठ फुटते, माशी बसते, जखमेत अळ्या पडतात. घरची बाई कडुनिंबाचा पाला उकळून जखम धुते, तोंडाला भाकरीचा तुकडा लावते. जनावर मान फिरवतं. तिच्या त्या चेहऱ्याचा हिशेब कुठल्या पंचनाम्यात येत नाही.

तुझ्यावर उपाय नव्हता, असंही नाही. शेळ्यांच्या देवीची लस गाईबैलांना टोचली गेली, बाजार बंद झाले, जनावरांची वाहतूक थांबली. अकोल्यात पशुवैद्यकीय पदव्युत्तर संस्था आहे, शिकलेले हात आहेत. ते हात पोचायला हवेत ते पहिली गाठ उठण्याच्या आधी. पावसाच्या पहिल्या सरी पडून माश्या माजण्याच्या आधी.

तुझ्याच घराण्यातली माणसांची देवी १९८० साली जगातून संपल्याचं जाहीर झालं. आमच्या आजोबांच्या दावणी रिकाम्या करणारी बुळकांडीही २०११ साली गेली. दोघींनाही घालवलं ते दारोदारी, गोठोगोठी पोचलेल्या लशीनं. तुझ्यावरची लसही तशीच पोचायला हवी, धारणीच्या शेवटच्या गोठ्यापर्यंत, मृगाच्या आधी.

— अकोल्याहून, एक वऱ्हाडी