जर्मनी, व्हाया मनमाड

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण आमच्याकडं पाळण्यातल्या पोरालाही पाठ असते. मधलं अंतर किती, ते मात्र कुणी सांगत नाही. लेक फ्रँकफुर्टला गेली आणि ते मोजायची पाळी माझ्यावर आली.

मोबाइलनं क्षणात उत्तर दिलं: हवाई अंतर 6,830 किलोमीटर, वेळ आठ तासांच्या आसपास. या हिशोबात विमान थेट परभणीतून उडतं. नेमकं कुठून, ते लिहिलेलं नव्हतं. कृषी विद्यापीठाच्या ज्वारीच्या वावरातून उडत असावं, असं मी धरून चाललो. विमानतळ शेजारी नांदेडला आहे. पण नांदेड पूर्वेला. लेकीकडं निघालेल्या माणसानं आधी तिच्याकडं पाठ करून पाऊणशे किलोमीटर जायचं, हे काही बरं दिसेना.

म्हणून रेल्वे. परभणी आणि मुंबई जवळजवळ एकाच अक्षांशावर. नकाशावर पट्टी ठेवली तर सरळ पश्चिमेला 410 किलोमीटर. रूळ मात्र पट्टी न ठेवता टाकलेले: सेलू, परतूर, जालना, संभाजीनगर करत वर मनमाड गाठायचं, मग नाशिक, इगतपुरी आणि कसारा घाटातून खाली. साडेपाचशे किलोमीटर, अकरा तास. मीटरगेज होती तोवर मनमाडला ट्रंका उतरवून गाडी बदलावी लागायची. त्यामुळं जुनी माणसं आम्हाला तक्रारही करू देत नाहीत.

फलाटावर बॅगा पाहून एका ओळखीच्यानं हटकलं, “गुरुजी, कुणीकडं निघालाव?”

“जर्मनीला.”

“मग इथंच थांबा की!”

मनमाडच्या अलीकडं एकेरी रूळ. समोरून गाडी यायची असली की आपली बाजूला उभी. याला क्रॉसिंग म्हणतात. समोरच्या बर्थवरचे काका अंधारात डोकावून दर वेळी जाहीर करत, “मालगाडी हाय.” आपल्याआधी कोळसा पोचणार, यात त्यांना वावगं काही वाटत नव्हतं. विमानासाठी बांधून दिलेले धपाटे दुसऱ्या क्रॉसिंगला संपले. शेंगदाण्याच्या चटणीनं जालना पाहिलं, पुढचं नाही.

दोन तास उशिरा ठाण्याला उतरलो. विमान रात्री एकचं. तीन तास आधी या म्हणतात. मी तर दुपारीच हजर. क्रॉसिंगचा काय भरवसा?

मुंबई ते फ्रँकफुर्ट 6,570 किलोमीटर, नऊ तास. समोरच्या पडद्यावर उंची, वेग, उरलेला वेळ, सगळं लिहून येत होतं. मी सवयीनं खिडकीतून कुठलं स्टेशन आलं ते बघत होतो. एकही क्रॉसिंग लागलं नाही. पाच तास झोप झाली.

“बाबा, विमानाचा त्रास झाला का हो?” लेकीनं विचारलं.

“विमानाचा कसला त्रास गं? ते तर मधे कुठं थांबतच नाही.”

घरून रात्री दहाला निघालो होतो. परभणीच्या घड्याळात आता तिसऱ्या दिवशीचे सकाळचे दहा. छत्तीस तास, त्यातले हवेतले नऊ. तिच्या घड्याळात साडेसहाच वाजले होते. हे उन्हाळ्यातले साडेतीन तास तेवढे फुकट मिळाले, तेही परतताना फेडायचे आहेत.

तुम्ही कुणी जाणार असाल, तर मनमाडपर्यंतचे धपाटे वेगळे बांधा आणि विमानाचे वेगळे.