पाण्यातल्या म्हशीच्या मालकांस अनावृत पत्र

श्री. विक्रेते,
मुक्काम इंटरनेट, यांस,

बोरिवली पश्चिमेहून एका गिऱ्हाइकाचा स. न. वि. वि.

पत्रास कारण की, लिलावात मी जिंकलेला तांब्याचा बंब काल दुपारी सुखरूप पोचला. तो येणार म्हणून सकाळपासून आमच्याकडे धावपळ होती. गॅलरीतली तुळस आत नेली, वॉशिंग मशीन भिंतीकडे सरकवलं, वॉचमनला सांगून ठेवलं की जड सामान येतंय, लिफ्ट धर आणि एक हात लाव. कुरिअरचा मुलगा आला तो एकटाच. त्याने पाठीवरच्या पिशवीत हात घातला, मोबाइलची दोन खोकी बाजूला सारली आणि बंब काढून माझ्या तळहातावर ठेवला. वॉचमन लिफ्ट धरून उभा होता. तेव्हापासून तो माझी नजर चुकवतो.

हे तक्रारीचं पत्र आहे असं कृपया समजू नये. तक्रारीला तुम्ही जागाच ठेवलेली नाही, आणि त्याबद्दल तुमचं कौतुक करावं म्हणून लिहायला बसलो आहे.

मथळा होता, 'अँटिक तांब्याचा बंब, वाड्यातला लूक'. वाड्यातला बंब असं तुम्ही कुठेही म्हटलेलं नाही. वाड्यातला लूक म्हटलं आहे. फोटोत काळ्या कापडावर बंब एकटा उभा. पितळी तोटी चमकते आहे, धुराडं वर गेलं आहे, आणि आसपास बादली नाही, घंगाळ नाही, साधी काडेपेटीसुद्धा नाही. कशाशी ताडून बघावं असं काही म्हणता काही नाही. फोटोखाली 'अधिक वाचा' हे बटण. ते दाबलं की सातव्या ओळीत, काल सौ.ने चष्मा लावून वाचून दाखवल्याप्रमाणे, स्वच्छ लिहिलं आहे: उंची ११ से.मी., वजन २१० ग्रॅम, शोभेची वस्तू, पाणी तापवण्यासाठी वापरू नये. "अहो, से.मी. म्हणजे सेंटीमीटरच ना?" एवढंच तिने विचारलं. ती इतक्या मऊ आवाजात बोलते तेव्हा मी सहसा घराबाहेर पडतो.

पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल, ही म्हण आमच्या आजोबांनी आम्हाला पोटतिडकीने शिकवली होती. डुंबणाऱ्या म्हशीचा सौदा करू नये, शिंगं दिसतात पण पाय किती धड आहेत ते कळत नाही. तुम्ही त्या शिंगांना तेल लावून, मागून दिवा धरून फोटो काढलात. बाकीची म्हैस कशी आहे ते सातव्या ओळीत लिहूनही ठेवलंत. यात फसवणूक कुठे आहे? मी वकिलाला विचारलं, त्यालाही पटकन सापडली नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहे आणि महत्त्वाची माहिती जाणूनबुजून लपवणं तिच्यात येतं. पण तुम्ही लपवलंत कुठे? मी दाबलं नाही ते बटण होतं. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये ऑनलाइन दुकानदारांच्या तेरा क्लृप्त्यांची यादी काढून त्यांवर बंदी घातली. खोटी घाई करणं, नकळत टोपलीत माल घुसवणं वगैरे. मी तेराच्या तेरा वाचल्या. चष्मा टीव्हीवर राहिला होता, ही त्यांत नाही.

आता आमच्या बाजूचं खरं सांगतो, कारण इतक्या सरळ माणसाशी खोटं बोलणं बरं नव्हे. मी वर्णन वाचलं नाही ते आळसाने नव्हे. फोटो पाहिला, आणि मुलुंडच्या आमच्या जुन्या घरातला बंब आठवला. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला पहाटे चारला वडील तो पेटवायचे आणि आम्ही भावंडं धुरात डोळे चोळत तोटीसमोर रांग लावायचो. ही झाली हळवी बाजू. तिच्याखाली दुसरी एक होती. बोली आठशेवर होती. मी मनात हिशेब केला: असला बंब म्हणजे दहा किलो तरी तांबं, मोडीत घातला तरी सात-आठ हजार कुठे गेले नाहीत. म्हणजे या बिचाऱ्या माणसाला आपण काय विकतोय ते कळलेलं नाही! हे ध्यानात आल्यावर मी वर्णन उघडणार होतो थोडाच. उघडलं आणि तुम्हाला जाग आली तर? रात्री साडेअकराला 'मुलुंड_८१' नावाचा कुणी हावरट माझ्यावर शंभर-शंभर चढवत होता. त्याला चिरडत मी ४,२५० वर गेलो आणि तुम्हाला लुबाडल्याच्या समाधानात झोपलो.

तर असा हा सामना बरोबरीचा होता. तुमची तयारी जास्त होती, इतकंच.

आम्ही उपनगरातली माणसं वाचत नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. अंधेरीच्या जिन्यावरून धावत उतरताना आम्ही इंडिकेटरवरचं अक्षर, वेळ, फास्ट की स्लो, बारा डबे की पंधरा, हे सगळं एका नजरेत टिपतो. बोरिवलीला उतरणारा माणूस संध्याकाळी चुकून विरार फास्टमध्ये चढला तर त्याचं काय होतं ते आम्हाला माहीत आहे. तिथे न वाचल्याची शिक्षा ताबडतोब मिळते, तीही कोपराने. म्हणून तिथे वाचतो. घरी पंख्याखाली मोबाइल घेऊन बसलं की तीच नजर फोटोवरून किमतीवर आणि किमतीवरून बोलीच्या बटणावर उडी मारते. मधली स्टेशनं ती घेतच नाही.

आणि ही कला तुमची एकट्याची आहे असंही नाही. आमच्या भागात घरांच्या जाहिराती पिढ्यान्‌पिढ्या याच भाषेत निघतात. 'स्टेशनपासून पाच मिनिटं'. कोणतं स्टेशन आणि पायी की हेलिकॉप्टरने, ते गिऱ्हाइकाने ओळखायचं. ८ जून २०१४ ला वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाली, त्या दिवसापासून साकीनाक्याची प्रत्येक खोली मेट्रोला लागून आहे. मुलुंडचा पत्ता वाचून बघायला जावं तर रिक्षावाला ऐरोलीच्या पुलावर नेऊन विचारतो, "अजून पुढे?" कारपेट, बिल्ट-अप, सुपर बिल्ट-अप या तीन शब्दांत कित्येक कुटुंबांचा एकेक बेडरूम विरून गेला. २०१६ च्या रेरा कायद्याने कारपेटची व्याख्या पक्की केली. तोवर लोक जिन्यातल्या हवेचेही पैसे भरत होते.

पण या विद्येचं शिखर पाहायचं असेल तर मराठी वर्तमानपत्रातल्या बँकांच्या ई-लिलावाच्या नोटिसा पाहाव्यात. माझा भाचा सध्या त्या वाचतो, म्हणजे त्यातली राखीव किंमत वाचतो. घाटकोपरला वन-बीएचके बाजारभावापेक्षा वीस लाखांनी स्वस्त, मामा! मी म्हटलं, बाळा, किमतीच्या वरचं वाच. तिथे तो मंत्र असतो: 'जसे आहे जेथे आहे', 'जसे आहे जे आहे' आणि 'जे काही आहे तेथे आहे'. इतकी प्रांजळ वाक्यं प्रेमपत्रातही सापडायची नाहीत. त्याच्या बाजूला दोन शब्द: 'सांकेतिक ताबा'. म्हणजे ताबा कागदावर बँकेचा आणि सोफ्यावर मूळ कर्जदाराचा. तो सोफा कधी आणि कसा हलणार, हा बोली लावणाऱ्याच्या नशिबाचा भाग.

हे लिलाव ज्याच्याखाली होतात तो सरफेसी कायदा २००२ चा. लिलावाची नोटीस दोन प्रमुख वर्तमानपत्रांत द्यायची, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं हवं, असा त्याच्या नियमांचा दंडक आहे. म्हणजे कळलं नाही म्हणायची सोय नाही, मराठीतच छापलं होतं. बोली लागली की त्याच दिवशी किंवा कामाच्या दुसऱ्या दिवशी २५ टक्के भरायचे, विक्री कायम झाल्यावर उरलेले १५ दिवसांत. गृहकर्ज होईल, ते होईपर्यंत बघू, अशा विचाराने हात वर करणाऱ्यांसाठी सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०२४ मध्ये निकाल दिला: बाकी रक्कम भरली नाही तर ते २५ टक्के बँक पूर्ण जप्त करू शकते. त्याआधी मे २०२३ मध्ये याच कोर्टाने सांगितलं की नियमांत तरतूद असेल तर जुन्या मालकाचं थकलेलं वीजबिलही नव्या मालकाच्या गळ्यात येऊ शकतं. 'जसे आहे जेथे आहे' म्हटल्यावर चौकशी घेणाऱ्यानेच करायची. सोसायटीचं मेंटेनन्स किती वर्षांचं थकलंय हे सेक्रेटरीला जाऊन विचारायला भाच्याला वेळ नाही. तो म्हणतो, नंतर बघू.

नंतर म्हणजे कधी, त्याचा एक नमुना मुंबईतच आहे. उत्तर प्रदेशातल्या एका गृहस्थांनी २००१ मध्ये नागपाड्यातलं दाऊदच्या नावावरचं १४४ चौरस फुटांचं दुकान सरकारी लिलावात २ लाखांना घेतलं. त्याची नोंदणी झाली २०२४ च्या डिसेंबरात. त्यापुढे माझ्या बंबाचे चार दिवस काय!

परदेशातही तुमचे गुरुबंधू आहेत. २०१३ च्या डिसेंबरात इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमच्या एका तरुणाने ईबेवर ४५० पौंड मोजून व्हिडिओ गेम खेळायचं यंत्र मागवलं. घरी आला तो यंत्राचा फोटो. वर्णनात 'फोटो' हा शब्द होता, आणि गंमत म्हणजे तो त्याने वाचलाही होता! म्हणजे वाचल्याने सुटका होते असंही नाही. त्याला पैसे परत मिळाले म्हणतात. मी मागणार नाही, आणि का ते सांगतो.

मी एकतीस वर्षं एका विमा कंपनीच्या अंधेरीच्या ऑफिसात दावे विभागात काढली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा आमच्या टेबलांसमोर महिनाभर रांगा होत्या. घाटकोपरचे एक गृहस्थ आले. नवी गाडी, रात्रभर छातीभर पाण्यात. मी विचारलं, "पाणी उतरल्यावर गाडी चालू करून पाहिलीत?" ते म्हणाले, "हो साहेब, चार वेळा केली. चालू झालीच नाही." मी पॉलिसी उलटवली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. पाणी शिरलेलं इंजिन चालू करायला गेल्याने जे मोडतं ते पुराचं नुकसान धरलं जात नाही, तो त्यानंतरचा परिणाम. आणि तो वगळलेला. बाकी गाडीचे पैसे मिळाले. इंजिनाचे नाही. "हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं," असं ते म्हणाले. मी म्हटलं, "लिहिलेलं आहे." त्या वर्षी हे दोन शब्द मी दिवसातून वीसदा तरी म्हटले असतील, आणि प्रत्येक वेळी मी बरोबर होतो.

म्हणून काल सौ.ने सातव्या ओळीवर बोट ठेवलं तेव्हा मला ते बोट ओळखीचं वाटलं. तुमची ती ओळ चोख आहे. आमच्या कंपनीत असतात तर वर गेला असतात.

बंब टीव्हीशेजारी ठेवला आहे. पितांबरीने घासला, छान चकाकतो. तोटी फिरत नाही, पण ती फिरते असंही तुम्ही म्हटलं नव्हतं.

कळावे, लोभ असावा.

आपला,
४,२५० ला जिंकलेला

ता. क. पत्र पाकिटात घालत होतो तेवढ्यात मुलुंड पूर्वेहून धाकट्या बहिणीचा फोन आला. पिन कोड ४०००८१. "दादा, चार-पाच दिवसांपूर्वी रात्री आपल्या घरातल्यासारखा बंब माझ्या हातचा गेला रे! कोण मेला शेवटपर्यंत चढवत होता, देव जाणे." मी गप्प राहिलो. सौ.ने मागून फोन घेतला आणि तो बंब आमच्याकडेच असल्याचं सांगून टाकलं. उंचीबद्दल ती काही बोलली नाही. तिलाही आता यात गोडी वाटू लागली असावी. बहीण म्हणते, "तुमच्या फ्लॅटमध्ये कुठे ठेवणार तो? मला दे, पाच हजार देते, आधी एक फोटो पाठव." काळं कापड शोधून ठेवलं आहे. दिवा कुठल्या बाजूने धरायचा, तेवढं उलट टपाली कळवावं.