मोजून सांगणारे काका

पंचवटीत पाखरांना तोटा नाही. रामकुंडावर कबुतरं आहेत, पिंडाला शिवायला कावळे आहेत, गोदाघाटावर घारी आहेत, आणि तपोवनाकडे गेलं की उरलेसुरले भेटतात. असं असताना जो माणूस ऐन थंडीत पहाटे चारला उठतो, माकडटोपी चढवतो आणि पाखरं बघायला चाळीस किलोमीटर लांब जातो, त्याला गल्ली काय म्हणत असेल ते सांगायला नको. तोंडावर सगळे पक्षीकाका म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात ते काकूंच्या कानावर आहे, आणि त्यांनी अजून त्याला हरकत घेतलेली नाही.

तसे पक्षीकाका गावोगाव असतात. खिशांचं जाकीट, गळ्यात दुर्बीण, पायात चिखलाचे बूट, आणि कुणी बोलत असताना मध्येच मान वर करून आभाळात बघायची खोड. पण नाशिकच्या पक्षीकाकांचा वाण वेगळा. आमचे काका नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून निवृत्त झाले. एक नोट कमी भरली तर सगळ्यांचा जीव टांगणीला लागावा, अशा ठिकाणी हयात गेलेली. तिथली शिस्त निवृत्तीनंतर कुठे ठेवायची हा प्रश्न होता. ती त्यांनी पाखरांवर काढली.

पाण्यावर बसलेला थवा मोजायचा कसा? आधी दहा पक्षी नीट मोजायचे, तेवढा आकार डोळ्यात धरायचा, तसे दहा आकार जोडून शंभर करायचे आणि मग शंभराशंभराने थवा संपवत जायचं. पक्षिगणनेत जगभर असंच मोजतात. काका फक्त शंभराला गड्डी म्हणतात. "वारकऱ्यांच्या सात गड्ड्या, वर सुटे चौदा," असं ते पक्षिनिरीक्षणाच्या मनोऱ्यावरून सांगतात तेव्हा शेजारी उभा असलेला मुंबईचा पाहुणा आषाढीची चौकशी करू लागतो. हे वारकरी म्हणजे काळ्या अंगाचे, कपाळावर पांढरा टिळा असलेले पाणपक्षी. सुटे चौदाच का, पंधरा का नाहीत, असं काकांना विचारू नये. ते पुन्हा मोजायला घेतात.

आता ही सवय पाण्याच्या काठावरच थांबली असती तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण लग्नात यजमान कौतुकाने म्हणतात, "हजारभर पानं उठली." काका शांतपणे म्हणतात, "सहाशे बारा." गणपतीच्या मिरवणुकीत ढोल किती, सोसायटीच्या सभेला माणसं किती आणि त्यातली जागी किती, हे सगळं काकांकडे असतं. त्यामुळे लोक त्यांना सभेला बोलावत नाहीत, आणि बोलावलं नाही तर इतिवृत्तातला आकडा कुणी तपासत नाही, म्हणून सगळेच सुखात असतात.

एकदा मात्र हद्द झाली. गल्लीतल्या एका आजोबांचा दहावा रामकुंडावर होता. पिंड ठेवलेले, मंडळी हात जोडून उभी, कावळा काही शिवेना. मोठ्या मुलाने सगळ्यांदेखत शब्द दिला, "नातवाचं शिक्षण पुरं करीन." कावळा नाही. धाकट्याने शब्द दिला, "घराच्या वाटण्या करणार नाही." यावर एक कावळा भिंतीवरून उतरला, पिंडाकडे चालत आला, सगळ्यांचे श्वास रोखले गेले, आणि मागून काकांचा आवाज आला, "डोमकावळा आहे. गावकावळ्याची मान करडी असते, हा बघा सगळा काळा." कावळा उडाला. पुढे अर्ध्या तासाने करड्या मानेचा एक आला आणि शिवला, पण तोवर धाकट्याचा विचार बदललेला होता. वाटणीचा तो दावा अजून चालू आहे, आणि त्या घराचा काकांशी अबोला आहे. काकांना यात आपलं काही चुकलं असं वाटत नाही. कावळा डोमच होता.

जटायूवरून तर ते दरवर्षी रामनवमीला कुणाशी ना कुणाशी भांडतात. चित्रकार मंडळी जटायूला हमखास गरुडाचं तोंड देतात, मानेवर भरघोस पिसं काढतात. काकांचं म्हणणं, रामायण त्याला गृध्र म्हणतं. गिधाड म्हणजे गिधाड, मान उघडी हवी. सीतेचं हरण याच पंचवटीतून झालं आणि जखमी जटायू इगतपुरीकडच्या टाकेदला पडला असं आपल्याकडे मानतात, तेव्हा निदान नाशिककरांनी तरी पक्षी चुकवू नये. मूर्तिकार म्हणतात, उघड्या मानेचा देव कोण विकत घेईल? हाही मुद्दा बिनतोड आहे.

काकांची पंढरी म्हणजे नांदूरमधमेश्वर. गोदावरी आणि कादवा जिथे भेटतात, तिथे निफाड तालुक्यात इंग्रजी अमदानीत दगडी बंधारा बांधला. वरून गंगापूर आणि दारणेचं पाणी येतं, सोबत गाळ येतो. शंभर वर्षांत तो साचून उथळ डबकी झाली, बेटं झाली, पाणवनस्पती माजल्या. इंजिनियरच्या दृष्टीने धरण गाळाने भरलं. पाखरांच्या दृष्टीने पंगत मांडली गेली. १९८६ साली अभयारण्य झालं. महाराष्ट्राचं भरतपूर म्हणतात ते हेच. २०२० च्या जानेवारीत तिथे राज्यातलं पहिलं रामसर स्थळ जाहीर झालं, तेव्हा पंचवटीत दोन ठिकाणी पेढे वाटले गेले. रामाचं नाव दिलं म्हणून. काकांनी घरोघर जाऊन सांगितलं की रामसर हे इराणातलं, कॅस्पियन समुद्राकाठचं गाव आहे, १९७१ साली तिथे पाणथळ जागांचा करार झाला. पेढे परत कुणी मागितले नाहीत, पण वाटणाऱ्यांची तोंडं उतरली.

काका वर्तमानपत्र उघडतात ते फक्त पाण्याचं आवर्तन कधी सुटणार हे बघायला. शेजारचे द्राक्षवालेही तेच बघतात, पण उलट्या कारणाने. धरणातून पाणी सुटलं की बाग खूश आणि काका खिन्न. पाणी चढलं की काठचा चिखल बुडतो, आणि चिखलात चोची खुपसणारे शेकाटे, तुतवार उठून जातात. पाणी उतरलं की ते परत येतात आणि काकांचा चेहरा उजळतो. निफाडकडच्या त्यांच्या एका मावसभावाची बाग आहे. घडांवर जाळी, ओळींमधून चमकीच्या पट्ट्या, सकाळ-संध्याकाळ गोफण. काका तिथे गेले की बांधावर उभे राहून भोरड्यांचा थवा मोजतात. मावसभाऊ एकदा म्हणाला, "दादा, तुम्ही त्यांना मोजता, ते आमचे मणी मोजत्यात. तुमचा हिशेब लागला की मला सांगा, नुकसानीच्या पंचनाम्याला जोडीन." काकांनी खरोखर आकडा लिहून दिला. पंचनाम्यात धरला नाही म्हणून दोघेही रागावले, काका जास्त.

काकूंना या सगळ्याचा एक उपयोग आहे. लडाख-तिबेटकडून चक्रवाक आले अशी वर्दी काकांनी दिली की त्या गोधड्या उन्हात घालतात. हवामान खात्यावर त्यांचा विश्वास नाही.

डोंगरावरची तऱ्हा वेगळी. म्हसरुळमागचा बोरगड, अंजनेरीचे कडे, पुढे त्र्यंबक-हरसूलचा मुलूख. कड्यात लांब चोचीची गिधाडं घरटी करतात. पाणथळीतले काका बोलके, डोंगरातले काका गंभीर. डायक्लोफेनॅक नावाचं दुखण्यावरचं औषध गुरांना टोचायचे. ते जनावर मेलं की त्याचं मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. देशभर गिधाडं संपत आली, तेव्हा कुठे २००६ साली गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली. काका म्हणतात, रावणाने एक मारला, बाकीचे या सुईने.

हरसूलजवळ खोरीपाड्याला गिधाडांसाठी मेलेली गुरं टाकायची जागा आहे. तिला सगळे गिधाड रेस्टॉरंट म्हणतात. मुलीच्या सासरची मंडळी पुण्याहून आली तेव्हा काकांनी विचारलं, "उद्या गिधाड रेस्टॉरंटला जाऊ या का?" लपवाछपवी काही नाही, नाव पूर्ण सांगितलं. हल्ली हॉटेलांना काय वाट्टेल ती नावं ठेवतात, त्यामुळे कुणाला खटकलं नाही. व्याही कडक इस्त्रीत, विहीणबाई रेशमी साडीत, मुलांना सकाळचं खाणं मुद्दाम कमी दिलेलं. दोन तासांच्या घाटवळणांनंतर गाडी थांबली. वारा समोरून होता. काकांनी दुर्बीण विहीणबाईंच्या हातात दिली आणि म्हणाले, "बैल आहे, कालचा. अजून कुणी बसलं नाही, आपण वेळेवर आलो." व्याह्यांनी तेव्हापासून काकांचं कुठलंही आमंत्रण लेखी मागायला सुरुवात केली आहे.

इतका काटेकोरपणा कुठून आला, हे कळायला त्यांच्याकडून रानपिंगळ्याची गोष्ट ऐकावी लागते. ती टाळता येत नाहीच. १८७३ साली ह्यूम नावाच्या पक्षितज्ज्ञाने या घुबडाचं वर्णन केलं. डेव्हिडसन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या खानदेशात शहाद्याच्या बाजूला त्याचे काही नमुने मिळवले, शेवटचा १८८४ साली. मग पक्षी गायब. पण कर्नल माइनर्ट्झहागेन या बड्या पक्षितज्ज्ञाच्या संग्रहात एक नमुना होता, त्यावर चिठ्ठी: १९१४, मांडवी, गुजरात. त्या चिठ्ठीवर भरवसा ठेवून मोठमोठ्यांनी भलतीकडेच शोध घेतला. पुढे पामेला रासमुसेन या अमेरिकन संशोधक बाईंनी तो नमुना तपासला, तेव्हा कळलं की तो डेव्हिडसनचाच, म्युझियममधून उचललेला. कर्नलने आतलं भरण काढून पुन्हा भरलं होतं, पण पहिल्या हाताच्या खुणा राहिल्या होत्या. म्हणजे १९१४ ची नोंद बाद. बाईंनी जुन्या खऱ्या नोंदी धरल्या, दोन सहकाऱ्यांना घेऊन शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी आल्या, आणि २५ नोव्हेंबर १९९७ ला सकाळी उन्हात, उघड्या झाडावर रानपिंगळा बसलेला. एकशे तेरा वर्षांनी! इथे काका चहाचा कप खाली ठेवतात आणि म्हणतात, "एका माणसाने यादीत खोटं लिहिलं. पाखरू आपल्या जागेवर बसून होतं, जग भलत्या गावाला गेलं."

खरं सांगायचं तर मला काकांचा कंटाळा येतो, पण ही गोष्ट ऐकताना कधी येत नाही. "बहुतेक शिक्रा होता" असं काका म्हणत नाहीत. पाहिला तर पाहिला. नाही तर ती ओळ कोरी. पंचवटीत इतक्या कोऱ्या ओळी ठेवणारा दुसरा माणूस मला माहीत नाही.

त्यांचा उभा दावा आहे तो गल्लीतल्या एका फोटोवाल्याशी. त्याच्याकडे तोफेएवढी लेन्स आहे. तो आधी चारशे फोटो काढतो आणि मग काकांना विचारतो, "हा कोण होता?" तेही काकांनी सोसलं असतं. पण गेल्या हिवाळ्यात त्याने रोहित पक्ष्यांचा गुलाबी थवा "आज सकाळी, नांदूरमधमेश्वर" असं लिहून सगळ्या ग्रुपवर पाठवला. फोटो आदल्या वर्षीचा होता. मागे दिसणारा बाभळीचा फाटा पावसाळ्यात मोडून पडल्याचं काकांच्या वहीत तारखेनिशी होतं. रविवारी दीडशे गाड्या अभयारण्याकाठच्या चापडगावला पोचल्या. तेव्हापासून काका त्याला कर्नल म्हणतात. त्याला तो आपला मान वाटतो.

जानेवारीतल्या पाणपक्ष्यांच्या गणनेत पत्रकाराने काकांना विचारलं, "रोहित किती?" भोवती पुण्यामुंबईची मंडळी कान टवकारून उभी होती. थोडे तरी सांगा, बातमी होईल, पर्यटन वाढेल, असं कुणी हळूच सुचवलंही. काकांनी कागदावर शून्य काढलं, नोटेवरच्या आकड्यासारखं घोटून, आणि खाली सही केली. दुसऱ्या दिवशी बातमी आली ती कर्नलच्या फोटोसकट.

तुम्हाला जायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा. काकांच्या गाडीत मागे दोन जागा असतात. पुढची दुर्बिणीच्या तिकाटण्याची. पांढरा किंवा लाल शर्ट नको, अत्तर नको, मोबाइलवर गाणी तर नकोच. पंचवटीतून पाचला निघायचं म्हणजे पाचला. पाच वाजून दोन मिनिटांनी गाडी गेलेली असते. जाताना कुठे थांबत नाहीत. येताना मिसळीला थांबतात, आणि तुम्ही पाव किती खाल्ले ते घरी सांगतात.