गैरसमज दूर करण्यात येतील

नवं तंत्रज्ञान लोकांना का नको असतं, याचं सरकारी उत्तर जगभर एकच: गैरसमज. हायड्रोजनच्या बाबतीत तर तो तयारच मिळतो. ६ मे १९३७ रोजी हिंडेनबर्ग (शेअरबाजारवालं नव्हे, मूळचं) हे हायड्रोजनने भरलेलं हवाई जहाज अमेरिकेत उतरताना पेटलं आणि ३६ माणसं गेली. तेव्हापासून कुणी शंका काढली की तज्ज्ञ कीव करतात: बिचारा अजून त्याच जहाजात बसलाय!

इंग्लंडात एल्समेर पोर्टजवळच्या व्हिटबीचे लोक त्या जहाजात चढलेच नाहीत, तिथेच घोटाळा झाला. सुमारे २,००० घरांचा नेहमीचा गॅस काढून त्याच पाइपातून हायड्रोजन सोडायचा, असा बेत होता. बॉयलर फुकट, शेगडी फुकट. एवढ्यावर माणसाने हरखून जावं की नाही? पण हे लोक विचारत बसले: प्रयोग संपल्यावर बिल किती? नको असेल तर? तर जुना गॅस मिळणार नाही, विजेवरची उपकरणं घ्या. पत्रिका वाटून झाल्यावर नवरीला 'पसंत आहे ना?' विचारावं, तशी ही संमती.

त्यात सुरक्षेच्या अहवालाची शिफारस अशी, की गॅसचं उपकरण असलेल्या खोलीला कधीच बंद न होणारा झरोका ठेवा. म्हणजे इंग्लंडच्या थंडीत घर ऊबदार करायचं, त्यासाठी आधी भिंतीला भोक पाडायचं. वर काही आगाऊ मंडळींनी हिशेब मांडला. वीज वापरून पाण्यातून हायड्रोजन काढायचा, तो घरी आणून जाळायचा. याला जेवढी वीज लागते तिच्या पाचव्या-सहाव्या हिश्शात हीट पंप तेवढंच घर गरम करतो. हा गैरसमज फार चिवट. पत्रकं वाटून जात नाही, कारण बेरीज बरोबर येते.

जुलै २०२३ मध्ये मंत्र्यांनी व्हिटबीचा नाद सोडला. स्थानिक पाठिंबा नाही, म्हणाले.

मग त्याच प्रयोगासाठी उरलं रेडकर. (आडनाव नव्हे, हेही गावच.) तिथेही विरोध होताच, पण डिसेंबर २०२३ मध्ये तोही प्रयोग गुंडाळला, तेव्हा सरकारने लोकांना अजिबात दोष दिला नाही. कारण साधं होतं. पाइप होते, योजना होती, समजूत घालायला माणसं होती. ठरलेला हायड्रोजन तेवढा मिळणार नव्हता.